चार मित्र, चार भाषा आणि एक वाचनालय

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते: चांगला चालता प्रोग्राम रस्ट या नव्या प्रोग्रामिंगच्या भाषेत पुन्हा लिहायला घेणं ही निम्म्या वेळा नुसती हौस असते. त्या एका वाक्याने या महिन्याची पेटी भरली. प्रिंटरबद्दल नाही, वायफायबद्दल नाही, सगळे भाषांवरच तुटून पडलेत. बरं, होऊन जाऊ दे. नव्या वाचकांसाठी सांगते. मी आठ वर्षं पुण्यात नोकरीत सी++ लिहिलं, आता साताऱ्यात असते, आणि बऱ्याच वर्षांपासून एका लिनक्स डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या बसवायला तयार संचासाठी, फुकट पॅकेजं बांधते. कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम तुमच्या मशिनवर एका क्लिकने बसावा म्हणून मध्ये जी हमाली करावी लागते, ती. माझी मतं त्या हमालाची आहेत, हे धरून वाचा.

ताई, आम्ही चौघं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी देवघेवीचा प्रोग्राम करायचा आहे: सभासद, वर्गणी, अनामत, दाखल क्रमांक, कुठलं पुस्तक कुणाकडे. नेटचा भरवसा नाही म्हणून डेस्कटॉपवरच चालणारा हवा. कोड खुला ठेवणार आहोत. एकाला सी++ आणि क्यूटी (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांचा तयार संच) हवं, एकाला पायथन, एकाला जावास्क्रिप्ट आणि इलेक्ट्रॉन, एकाला रस्ट. महिना झाला, एक ओळ लिहून झालेली नाही. सगळ्यात चांगली भाषा कोणती ते तुम्हीच सांगा.
– एक विद्यार्थिनी, कराड

चौघांतली तू कुठली, ते पत्रात शिताफीने लपवलं आहेस. असो.

आधी वाचनालयात जा आणि तिथल्या कॉम्प्युटरची मेमरी किती आहे ते बघून या. मी पाहिलेल्या गावच्या वाचनालयांत बहुतेक ठिकाणी कुणीतरी देणगी दिलेलं जुनं मशिन असतं. दोन जीबी मेमरी, मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर, आणि दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून तसंच. तिथे इलेक्ट्रॉनचा प्रोग्राम लावलात की त्याच्यासोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर उभा राहणार, आणि पुस्तक जमा करून घेणारे काका बटण दाबून चहाला जाऊन येतील. इलेक्ट्रॉनला मी नावं ठेवत नाही. २०१३ मध्ये गिटहबने ॲटम नावाच्या एडिटरसाठी तो घडवला, आज व्हीएस कोड त्याच्यावरच चालतो, आणि तुम्ही चौघं बहुधा त्यातच कोड लिहिणार आहात. पण तुमच्या लॅपटॉपची मेमरी वाचनालयाच्या टेबलावर नाही. एक नाव कटलं.

आता उरलेल्या तिघांचं भांडण. ते तुमच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये मथियास एट्रिश या जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी नीटनेटका डेस्कटॉप करू या, अशी हाक दिली. तो केडीई. त्यासाठी त्याने ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीचं क्यूटी घेतलं, म्हणजे भाषा सी++. पण तेव्हाचं क्यूटीचं लायसन्स खऱ्या अर्थाने मुक्त नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला, आणि बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी बनवलेलं जीटीके उचललं, क्यूटीसारखाच खिडक्या-बटणांचा संच. ते सी मध्ये होतं. पुढे कित्येक वर्षं लोक 'सी बरी की सी++' म्हणून एकमेकांच्या उरावर बसले, पण मूळ ठिणगी लायसन्सची होती. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आलं, ठिणगी विझली, भांडण मात्र चालूच राहिलं. आपल्याकडे बांधावरून सुरू झालेली भावकी नातवंडांपर्यंत चालते, तसंच.

त्या वेळी सी घेण्यामागे एक विचार असाही होता, आणि तो मला आजही पटतो. सी ही बाजारहाटाची बोली आहे. सी++ चा कंपायलर (कोड मशिनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) फंक्शनच्या नावाला आतल्या आत मुरड घालतो, त्यामुळे दुसऱ्या भाषेतून त्या फंक्शनला हाक मारणं अवघड जातं. सी मध्ये नाव ठेवाल तेच राहतं. लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, सी मध्ये असली की पायथनवाला येतो, पर्लवाला येतो, सगळे आपापल्या भाषेतून तिच्याशी बोलतात. याची किंमतही भरपूर मोजली ग्नोमवाल्यांनी. सी मध्ये क्लास नसतात, म्हणून ते हाताने रचायचे. साधं एक नवं बटण करायचं तर पन्नास-साठ ओळींचं तेच ते लिखाण. त्या जाचाला कंटाळूनच २००६ मध्ये वाला ही भाषा निघाली. दिसायला सी#सारखी, आणि तिचा कंपायलर तुम्हाला सी लिहून देतो.

जाचातून सुटायची दुसरी वाट होती मोनो, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची (सी# भाषा ज्या यंत्रणेवर चालते तिची) खुली आवृत्ती. हीही मिगेलच्याच गटाने काढली, २००१ मध्ये. हे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

सी# मध्ये टॉमबॉय नावाचा चिठ्ठ्यांचा एक गोड प्रोग्राम होता. चिठ्ठीत एखाद्या दुसऱ्या चिठ्ठीचं नाव लिहिलं की त्याची आपोआप लिंक व्हायची. मी किराण्यापासून पॅकेजांच्या तक्रारींपर्यंत सगळं त्यात लिहायची. सप्टेंबर २००६ मध्ये तो ग्नोममध्ये अधिकृतपणे आला आणि मोठं रण पेटलं. एक छोटी चिठ्ठी लिहायला अख्खं मोनो का लादता? उबंटू या डिस्ट्रोची सीडी तेव्हा पोस्टाने फुकट घरी यायची. सीडी सातशे एमबीची, तिच्यात एकेका एमबीसाठी मारामारी. शिवाय पेटंटची भीती: उद्या मायक्रोसॉफ्टने हक्क सांगितला तर? २००९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनीही मुक्त सॉफ्टवेअरने सी# वर विसंबू नये, असा जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी एका प्रोग्रामरने सरळ टॉमबॉयचा कोड समोर ठेवून तो सी++ मध्ये उतरवला आणि नाव दिलं जीनोट. फेडोरा या डिस्ट्रोच्या १२ व्या आवृत्तीने टॉमबॉय काढून जीनोट बसवलं.

पुढे काय झालं? पेटंटचा वार काही झाला नाही. उलट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट स्वतःच खुलं केलं, आणि २०२४ मध्ये मोनो वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या) प्रकल्पाच्या हाती सोपवलं. पण तोवर टॉमबॉय संपलेला होता. २०११ मध्ये मोनो पोसणारी नोव्हेल कंपनी विकली गेली, मोनोवर काम करणाऱ्यांना नारळ मिळाला, आणि त्या भाषेत या डेस्कटॉपसाठी लिहिणारे हात पांगले. ज्या कारणासाठी भांडलो त्याने काहीच बिघडलं नाही, बिघडलं ते हात पांगल्याने.

माझ्या चिठ्ठ्या मात्र अजून आहेत. टॉमबॉय प्रत्येक चिठ्ठी साध्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवायचा. जीनोटने त्या जशाच्या तशा घेतल्या. मग टॉमबॉय-एनजी म्हणून तिसरा अवतार आला, तो चक्क पास्कलमध्ये लिहिलेला आहे. त्यालाही त्या चिठ्ठ्या कळतात. सी#, सी++, पास्कल, तीन भाषा झाल्या. 'रेशनकार्डावर सासूबाईंचं नाव' ही माझी चिठ्ठी जागेवर आहे. काम अजून झालेलं नाही, तो भाग वेगळा.

तेव्हा भाषेवर भांडायच्या आधी डेटा कुठे ठेवायचा ते ठरवा. एसक्यूलाइट घ्या. सगळं वाचनालय एका फाइलमध्ये बसतं, वाटेल त्या भाषेतून उघडतं, आणि पेन ड्राइव्हवर कॉपी केली की झाला बॅकअप. फक्त कॉपी करताना प्रोग्राम बंद असू द्या.

आणि भाषा? पायथन. भाषा म्हणून ती पहिल्या नंबराची आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुमचा निकाल लागेल, चौघं चार दिशांना जाल, आणि ऑगस्टमध्ये काकांना नवीन वर्गणीचा दर टाकायचा असेल. त्या दिवशी कराडमध्ये तो कोड उघडायला कोण उरेल? तुमच्या मागची बॅच. तिला काय येतं ते सरांना विचारा. सगळ्याच पोरांनी निदान थोडं पायथन केलेलं असतं. क्यूटी हवं असलेल्या मित्राला सांग, पायथनमधून क्यूटीच वापरा, पायसाइड या दोघांना जोडणाऱ्या लायब्ररीने. त्याचं निम्मं म्हणणं राहिलं.

पायथनचा एक काटा आहे, तोही दाखवते, कारण मला तो रुतला आहे. २००८ च्या सुमारास मी आत्याच्या भिशीसाठी एक प्रोग्राम केला होता, पायथन २ मध्ये. बारा बायका, बोलीची भिशी. ज्या बाईला रक्कम आधी हवी ती काही सूट सोडते, ती सूट बाराजणींत वाटायची. ५,००० ची सूट असली की प्रोग्राम ४१६ दाखवायचा, आणि वरचे आठ रुपये चहाला. मी तसं मुद्दाम केलं नव्हतं. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गुपचूप गळून पडायचा, एवढंच. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा पाठिंबा संपला. मी आत्याचं मशिन अपग्रेड केलं आणि जुनं पायथन, त्याच्यावरचं जुनं जीटीके, सगळं एका फटक्यात उडालं. भिशीच्या दिवशी आयकॉनवर डबल क्लिक केलं तर काहीच होईना. बायकांनी वहीवर हिशेब केला. मी दोन रात्री बसून सगळं पायथन ३ मध्ये आणलं, तर पडद्यावर प्रत्येकीपुढे ४१६.६६६६६६६६६६६६६७. आत्या म्हणाली, "अगं, हे सहासष्ट कुणाला द्यायचे? आणि चहाचं काय?"

हे मोठ्यांनाही चुकलं नाही. कॅलिबर हा ई-पुस्तकांचा प्रोग्राम कोविद गोयल या भारतीयाने २००६ मध्ये सुरू केला, तोही पायथनचाच. पायथन २ मरतंय म्हटल्यावर त्यांनी आधी ठणकावलं की मी ते स्वतः सांभाळीन. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५ पायथन ३ वर आलंच, इतर अनेकांनी हात लावल्यावर, आणि लोकांनी लिहिलेली किती तरी जुनी प्लगिन्स त्या दिवशी बंद पडली.

मित्रांना पटलं नाही तर नाही पटलं. ग्नोमवाल्यांनी २०१३ मध्ये ब्रुसेल्सला बसून ठरवलं होतं की नव्याने येणाऱ्यांना यापुढे आम्ही जावास्क्रिप्ट सुचवणार. केवढा गदारोळ झाला! आणि आज तिथे लोक सी, वाला, पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट, वाटेल त्यात लिहितात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जो बसून लिहितो तोच ठरवतो. तेव्हा तुमच्यापैकी ज्याने पहिल्यांदा सभासदाचा फॉर्म पडद्यावर आणला, त्याची भाषा घ्या. फक्त इलेक्ट्रॉनवाल्याला त्या दिवशी वाचनालयाच्या मशिनवर दाखवायला सांगा.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना सी++ चा तिटकारा आहे ना? मग आम्ही तरी ती का शिकावी?
– एक वाचक, अकोला

आहे, आणि २००७ मध्ये गिट या स्वतःच सुरू केलेल्या, कोडमधले बदल जपणाऱ्या प्रोग्रामच्या निमित्ताने त्यांनी तो अत्यंत शेलक्या शब्दांत बोलूनही दाखवला. त्याच माणसाने २०११ मध्ये स्वतःच्या स्कूबा डायव्हिंगच्या छंदासाठी सबसर्फेस नावाचा प्रोग्राम सी आणि जीटीकेमध्ये लिहिला. दोन वर्षांत तो प्रकल्प क्यूटीवर, म्हणजे सी++ वर गेला, कारण मॅक आणि विंडोजवर जीटीके धड चालेना आणि अडलं तर क्यूटीवाल्यांकडून मदत मिळायची. तिटकारा लिनसचा होता, अडचण वापरणाऱ्यांची होती. शिका.

ताई, 'रस्ट म्हणजे हौस' हे वाक्य तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. मी रोज सी++ मधल्या मेमरीच्या चुका निस्तरतो. त्या निस्तरण्यात तरुणपण जातं. ज्या भाषेत त्या चुका कंपायलरच पकडतो तिला हौस म्हणणं म्हणजे हेल्मेटला फॅशन म्हणणं.
– एक वाचक, श्टुटगार्ट

हेल्मेटचा टोला बरोबर बसला. पुण्यातल्या हेल्मेटसक्तीच्या वेळी मी काय काय बोलले होते ते आठवून अधिकच. वाक्य निम्मं मागे घेते, निम्मं ठेवते.

मागे घेते ते या कारणाने. लिबआरएसव्हीजी नावाची एक लायब्ररी आहे. एसव्हीजी प्रकारची चित्रं पडद्यावर काढणं हे तिचं काम. ग्नोमचे आयकॉनसुद्धा तिच्यातून येतात. आता असं समजा की कुणी तुम्हाला एक एसव्हीजी फाइल पाठवली. तुम्ही ती उघडलीही नाही, नुसती डाउनलोड फोल्डरमध्ये पडली आहे. तुम्ही फोल्डर उघडता, आणि फाइल मॅनेजर तुमचं भलं करायला म्हणून तिचं छोटं चित्र काढू लागतो. परक्या माणसाने रचलेली फाइल त्या क्षणी तुमच्या मशिनवर वाचली जाते, तुम्हाला न विचारता. वाचणारा कोड सी मधला असेल आणि त्यात एका जागी मेमरीची हद्द चुकली असेल तर चोर घरात. मायक्रोसॉफ्टने आणि क्रोमियमच्या लोकांनी आपापल्या गंभीर सुरक्षा-चुका मोजल्या तेव्हा दोघांकडेही सुमारे ७० टक्के याच जातीच्या निघाल्या.

ही लायब्ररी सी मधून रस्टमध्ये न्यायला घेतली ती फेदेरिको मेना यांनी. हो, तेच, १९९७ मध्ये सी घेऊन ग्नोम सुरू करणाऱ्या दोघांतले एक. जानेवारी २०१७ च्या २.४१ आवृत्तीत रस्टचा पहिला तुकडा आला आणि मग एकेक फंक्शन करत आतलं सगळं बदललं. बाहेरचा दरवाजा मात्र सी चाच ठेवला, म्हणून तिच्यावर विसंबलेल्या प्रोग्रामांना पत्ताही लागला नाही. चालत्या घराची एकेक वीट बदलावी, स्वयंपाकघर एक दिवसही बंद न ठेवता, तसं ते काम आहे. मी त्याला हौस म्हटलं असेल तर चुकले. फायरफॉक्सनेही असंच केलं. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हिडिओ फाइल वाचणारा छोटा तुकडा, आणि मग पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पानाची सजावट लावणारं अख्खं इंजिन. परक्याची फाइल वाचणारा जो जो कोड आहे तो रस्टमध्ये जावा, हे मला मान्य.

उरलेलं निम्मं वाक्य ठेवते, आणि आता खांद्यावरचं ओझं दाखवते. सी च्या जगात एक लायब्ररी शंभर प्रोग्राम मिळून वापरतात. तिच्यात चूक सापडली की मी एक पॅकेज बांधते, शंभर प्रोग्राम दुरुस्त होतात. रस्टचा प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या सहसा पोटात घेऊनच येतो. एका तुकड्यात चूक सापडली की तो ज्यांच्या ज्यांच्या पोटात आहे ते सगळे पुन्हा बांधायचे. शिवाय ज्या जुन्या जातीच्या प्रोसेसरसाठी रस्टचा कंपायलरच नाही, तिथली मंडळी लिबआरएसव्हीजीच्या सी मधल्या शेवटच्या आवृत्तीवर थांबली. ती थोडी आहेत, हौशी आहेत, मान्य. पण निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि कंपायलर विसरभोळेपणा पकडत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० मध्ये रोजच्या वापराच्या बारीक कमांड रस्टमध्ये पुन्हा लिहिलेल्या संचातून आल्या. त्यातल्या 'डेट' कमांडला एखादी फाइल शेवटची कधी बदलली ते विचारायची सोय असते. नव्या डेटने ते विचारणं निमूट ऐकून घेतलं आणि उत्तरात आत्ताची वेळ सांगितली! एररही नाही. परिणाम काय, तर आपोआप अपडेट तपासणाऱ्या यंत्रणेला वाटत राहिलं की आत्ताच तर तपासलं आहे. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने सुरक्षेचे अपडेट थांबवले. लगेच दुरुस्तही झालं, पण मेमरीची एकही चूक न करता झालेली ही गोष्ट आहे. जुन्या कोडात तीस वर्षांचे खाचखळगे भरलेले असतात, आणि त्यांची यादी कुठेच लिहिलेली नसते.

तुम्ही रोज निस्तरता त्याबद्दल आदर आहेच. श्टुटगार्टहून ट्यूबिंगेन जवळच आहे, एकदा जाऊन या.

लिबरऑफिसमधलं डेटाबेसचं बेस उघडलं की जावा मागतं. रायटर, कॅल्क मात्र बिनतक्रार चालतात. एकाच प्रोग्रामात दोन भाषा कशाला?
– निवृत्त शिक्षक, फोंडा, गोवा

सर, हा वंशावळीचा प्रश्न आहे. लिबरऑफिसचा आजोबा म्हणजे स्टारऑफिस, जर्मनीत जन्मलेला, सी++ मध्ये. १९९९ मध्ये तो सन कंपनीने विकत घेतला, आणि जावा ही सनचीच भाषा. मालकाची भाषा घरात शिरणारच. २००५ च्या ओपनऑफिस २ मध्ये बेस आलं तेव्हा त्याच्या पोटात जावात लिहिलेला डेटाबेस घातला, तोच आजही जावा मागतो. त्या काळी जावा मुक्त नव्हती, म्हणून डिस्ट्रोवाल्यांची फार ओढाताण झाली. २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळं निघाल्यावर जावाचे बरेच भाग काढले गेले, काही विझार्ड तर पायथनमध्ये आले. बेसचं तेवढं राहिलं. तुम्ही ओपनजेडीके (जावाची मुक्त आवृत्ती) बसवा, किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी एवढंच काम असेल तर कॅल्कमध्ये ठेवा. माझ्या मते तेवढं पुरतं.

एका जुन्या प्रोग्रामात 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द तुटके दिसतात, बाकी सगळीकडे नीट. तो प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहिला आहे यावर हे ठरतं का?
– एक मुद्रितशोधक, सोलापूर

नाही. आणि कसं नाही ते सांगायला मला फार आवडतं. अक्षरं जोडून दाखवायचं काम प्रोग्राम स्वतः करत नाही (निदान करू नये). फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, ग्नोम, क्यूटी, अँड्रॉइड, सगळे ते काम हार्फबझ या एकाच लायब्ररीकडे देतात. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. 'ओपन टाइप'चं थेट भाषांतर. आतून ती सी++ मध्ये आहे, बाहेरचा दरवाजा सी चा. वर म्हटली ती बाजारहाटाची बोली इथे कामी येते. पायथनवाला असो की रस्टवाला, आपल्या मराठीचा चंद्रकोरीसारखा ऱ सगळ्यांना त्या एकाच खिडकीतून मिळतो. तुमच्या जुन्या प्रोग्रामात अक्षरजोडणीचा स्वतःचा जुना कोड असणार, किंवा फॉण्टमध्ये तो अर्धा ऱ नसेल. आधी फॉण्ट बदलून पाहा.

ता. क. कोडमधल्या टिपा आणि व्हेरिएबलची नावं मराठीत लिहिली तर चालतील का? सर म्हणतात, हसतील लोक.
– तीच विद्यार्थिनी, कराड

हसू देत. पण दोन गोष्टी. लिबरऑफिसच्या कोडात स्टारऑफिसच्या काळच्या जर्मन टिपांचे ढीग होते. सी++ येणारे जगभर पुष्कळ होते, पण ती टीप वाचता येईना म्हणून हात अडायचा. स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं बसून त्या इंग्रजीत आणल्या. तुमचा कोड पुढे कराडची पोरं वाचणार असतील तर टिपा मराठीत लिहा, जग वाचणार असेल तर इंग्रजीत.

नावांचं म्हणशील तर पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. 'अनामत', 'वर्गणी', 'देवघेव' खुशाल लिही. 'देवघेव'ला इंग्रजीत सर्क्युलेशन म्हणतात हे तरी कुणाला पटकन आठवतं? फक्त 'दुसऱ्या' सारख्या शब्दापाशी जपून. काही कीबोर्ड तो ऱ साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून उमटवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथन त्या अदृश्य चिन्हापाशी अडतं आणि एरर देतं. मी त्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. 'दुसऱ्या_प्रत' ऐवजी 'प्रत_२' लिही.